घाणा आपला, बी परक्याचे

आम्ही नर्सच्या नोकरीतून निवृत्त झालो, पण शेजारपाजारची मंडळी काही आम्हांला निवृत्त होऊ देत नाहीत. नेमके शुक्रवारी दुपारी, शब्बाथच्या स्वयंपाकाची धांदल चालू असताना, कोणीतरी दार ठोठावते. "सिस्टर, नातवाला तीन दिवस ताप आहे. डॉक्टर म्हणाला, व्हायरस आहे, पाणी पाजा, विश्रांती द्या. एक अँटिबायोटिक लिहून दिले असते तर त्याचे काय बिघडले असते?" प्रश्नात राग असतो, आणि रागाच्या तळाशी एक शंका असते: आपल्याला मुद्दाम तर टाळले नाही ना?

या शंकेची आणि आमची ओळख जुनी आहे.

१९७४ साली मुंबईची शाळा संपवून आम्ही आईवडिलांबरोबर इस्राएलला आलो, वर्षभर हिब्रू गिरवली आणि नर्सिंगच्या शिक्षणाला लागलो. १९७६ च्या हिवाळ्यात आम्ही शिकाऊ असताना आमच्या वॉर्डात आपल्या समाजातील एक बाई दाखल झाली. वय तीस-बत्तीस, पदरी दोन मुले, माहेर अलिबागकडचे. आधी ताप आणि डोकेदुखी, मग एकाएकी ती माणसांची नावे चुकू लागली. घरात काही जळत नसताना जळका वास येतो म्हणू लागली. दाखल झाली त्याच रात्री तिला आकडी आली. हिब्रू ती पार विसरली होती, मराठीतच बोलत होती, म्हणून दुभाषाच्या कामाला आम्हांला तिच्याजवळ बसवीत. ती आम्हांला आपल्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारी. नवव्या दिवशी ती गेली.

तिचा नवरा रोज एकच गोष्ट मागे. "मुलींनो, डॉक्टरांना सांगा, पेनिसिलिन द्या. पैसे मी कोठूनही आणीन." डॉक्टर म्हणत, विषाणू मेंदूत गेला आहे, बहुधा हर्पिसचा, त्यावर पेनिसिलिन चालत नाही. आम्ही ते वाक्य मराठीत करून सांगत होतो. 'का चालत नाही?' असे त्यांनी विचारले तेव्हा मात्र आम्हांला उत्तर देता आले नाही. शेवटच्या दिवशी ते म्हणाले, "आम्ही हिंदी, म्हणून दिले नाही." आपल्या विवाहांच्या मान्यतेसाठी समाजाला झगडावे लागले ती १९६२ ते १९६४ ची वर्षे तेव्हा कोणी विसरले नव्हते. अशी शंका मनात यायला कारण होते. आम्ही खाली मान घालून उभ्या राहिलो.

त्या 'का'चे उत्तर आम्ही पुढे नोकरीच्या वर्षांत थोडे थोडे जमा केले. ते वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हा लेख.

विषाणूचा स्वभाव प्रथम कळला तो हॉलंडमधील डेल्फ्ट गावी, १८९८ साली. तंबाखूच्या पानांवर चट्टे पाडणाऱ्या रोगाचा अभ्यास मार्टिनस बायेरिंक करीत होते. रोगट पानांचा रस त्यांनी जंतू अडकून राहतील अशा चिनीमातीच्या गाळणीतून गाळला. तरी तो रस रोग देतच राहिला. रशियात इव्हानोव्स्की यांनाही १८९२ साली हेच दिसले होते. पण बायेरिंक यांनी आणखी एक गोष्ट हेरली. हा रोगकारक बाटलीत नुसता ठेवला तर वाढत नाही, जिवंत आणि वाढत्या पानातच वाढतो. जंतूंना मांसाचा रस घातला की ते बशीतही वाढतात. याला जिवंत घरच लागते.

पुढे १९३५ साली अमेरिकेत वेंडेल स्टॅनली यांनी त्याच तंबाखूच्या विषाणूचे स्फटिक केले. साखरेचे व्हावेत तसे स्फटिक! बरणीत ठेवले तर खात नाहीत, श्वास घेत नाहीत, वाढत नाहीत. पाण्यात कालवून पानावर चोळले की पुन्हा रोग हजर. मग याला सजीव म्हणावे की निर्जीव? शास्त्रज्ञ या प्रश्नावर पुष्कळ भांडले. आम्हां नर्सांना त्या भांडणात पडायचे कारण नाही. आपला प्रश्न असा, की ज्याच्याकडे काहीच नाही तो एकाचे हजार कसे करतो?

याचे उत्तर १९५२ साली बऱ्याच अंशी मिळाले, आणि गंमत म्हणजे त्या प्रयोगात स्वयंपाकघरातील मिक्सर होता. न्यूयॉर्क राज्यातील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे आल्फ्रेड हर्षी आणि मार्था चेस हे जंतूंवर जगणाऱ्या विषाणूंचा अभ्यास करीत होते. विषाणूचे बाहेरचे कवच प्रथिनाचे आणि आतला ऐवज न्यूक्लिइक आम्लाचा. दोहोंना त्यांनी वेगवेगळ्या किरणोत्सर्गी खुणा केल्या. विषाणू जंतूला चिकटले, आणि थोड्या वेळाने सगळे मिश्रण मिक्सरमध्ये फिरवले. कवचे गळून बाजूला झाली. आत गेले होते ते प्रामुख्याने न्यूक्लिइक आम्ल. तेवढ्यावरच पुढे जंतूच्या पोटात नवे विषाणू तयार झाले. हर्षी यांना १९६९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मार्था चेस यांचा त्यात वाटा नव्हता.

म्हणजे विषाणू आत पाठवतो ती केवळ एक चिठ्ठी. काम करतात ती आपल्या पेशीची एन्झाइमे. शाळेच्या मराठी पुस्तकात यांना 'विकर' म्हणत. पेशीतील प्रत्येक जोडणे, तोडणे, नक्कल करणे ही कामे विकरांची.

हे समजायला आपल्या लोकांना दूर जायला नको. कोकणात आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. घाण्याचा बैल आठवा. डोळ्यांना झापड बांधलेली, तो आपला गोल फिरतो. उखळात तीळ आहेत की खोबरे, हे त्याला दिसत नाही. बी धन्याचे की रात्री येऊन कोणी टाकलेले, हेही कळत नाही. जे पडले ते तो पिळतो. एन्झाइमाचे असेच आहे. समोर आली ती चिठ्ठी वाचायची आणि तसा माल काढायचा. विषाणूजवळ घाणा नाही, बैल नाही, चारा नाही. मूठभर बी तेवढे आहे. घाणा आपला, बैल आपला, चाराही आपला, आणि तेल मात्र चोराचे. शेवटी बैल थकून पडतो आणि घाणा मोडतो. पेशी मरते ती अशी.

आता पेनिसिलिन का चालत नाही ते पाहा. रोगजंतू हा स्वतंत्र बिऱ्हाडकरू आहे. त्याची भिंत वेगळी, घाणा वेगळा. ती भिंत बांधणारी त्याची जी एन्झाइमे, त्यांनाच पेनिसिलिन जखडून टाकते. आपल्या पेशींना तशी भिंत नसल्यामुळे आपल्याला इजा होत नाही. विषाणूला भिंतही नाही आणि बिऱ्हाडही नाही. पेनिसिलिनला तेथे मारायला काही सापडतच नाही. बरे, चोराचे तेल बंद करावे म्हणून बैलालाच मारले, तर घरातला दिवाही विझणार.

हे नुसते बोलण्यापुरते नाही. इडॉक्स्युरिडिन नावाचे औषध १९६० नंतर डोळ्यातील हर्पिसवर थेंबांच्या रूपात उपयोगी पडले होते. तेच मेंदूच्या रोगासाठी शिरेतून देऊन पाहिले, तेव्हा रोग्याच्या अस्थिमज्जेवर, म्हणजे रक्त तयार होते त्या जागीच, आघात होऊ लागला. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीनंतर तो मार्ग सोडावा लागला. आमच्या वॉर्डातील ती बाई त्यानंतरच्या हिवाळ्यात आली. मेंदूच्या या रोगात उपचाराशिवाय शंभरांतील सत्तरांच्या आसपास रोगी दगावत, आणि वाचत त्यांतील पुष्कळांची स्मृती जाई. सिद्ध झालेले औषध तेव्हा जगात कोठेच नव्हते. १९७७ साली व्हिडारॅबिनची पहिली चांगली चाचणी प्रसिद्ध झाली आणि मृत्यू थोडे कमी झाले. पण खरी वाट निघाली ती निराळ्याच बाजूने.

ती वाट अशी. चोर अगदी रिकाम्या हाताने येतो, ही समजूत पूर्ण खरी नव्हती. १९५७ च्या सुमारास सीमूर कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले, की विषाणू शिरलेल्या जंतूत एक नवेच एन्झाइम उत्पन्न होते. ते निरोगी जंतूत नसते. म्हणजे विषाणूच्या चिठ्ठीत कधी कधी 'माझ्यासाठी हे एक हत्यार घडवा' अशीही ओळ असते. १९६३ साली सॉल किट आणि डेल डब्स यांनी उंदराच्या पेशींची एक जात घेतली. तिच्यात थायमिडीन कायनेज नावाचे एन्झाइम मुळातच नव्हते. त्या पेशींना हर्पिसची लागण केली, आणि ते एन्झाइम तेथे दिसू लागले! हर्पिस आपले स्वतःचे हत्यार करवून घेतो, हे ठरले. घरच्या बैलाला मारता येत नसेल, पण चोराच्या हत्याराला तर धरता येईल?

येथे आम्हांला एका बाईची ओळख करून द्यायची आहे. परळच्या संस्थेला ज्यांचे नाव आहे ते वाल्डेमार हाफकिन आपल्या मुंबईकरांना ठाऊक आहेत. गर्ट्रूड एलियन हे नाव मात्र आपल्या घरांतून फारसे ऐकू येत नाही. त्यांचा जन्म १९१८ साली न्यूयॉर्कमध्ये, यहुदी कुटुंबात झाला. वडील लिथुआनियातून आलेले दंतवैद्य. पंधराव्या वर्षी त्यांनी आपल्या लाडक्या आजोबांना कर्करोगाने जाताना पाहिले आणि विज्ञान शिकायचे ठरवले. १९२९ च्या बाजारपडीत वडील बुडाले होते, पण हंटर कॉलेजात फी नव्हती म्हणून शिक्षण झाले. १९३७ साली त्या पदवीधर झाल्या, आणि नोकरी मिळेना. एका ठिकाणी सांगण्यात आले, की बाई प्रयोगशाळेत आली तर बाकीच्यांचे लक्ष कामात राहणार नाही. तीन महिने त्यांनी न्यूयॉर्कमध्ये नर्सिंगच्या विद्यार्थिनींना रसायनशास्त्र शिकवले, हे वाचून आम्हांला फार बरे वाटले. पुढे एका खाद्यपदार्थांच्या प्रयोगशाळेत त्या लोणच्याचा आंबटपणा तपासत. १९४१ साली त्यांचा नियोजित वर हृदयाच्या जंतुसंसर्गाने वारला. काही वर्षांनी पेनिसिलिन सर्वत्र मिळू लागले. ते त्याला मिळाले असते तर तो वाचू शकला असता. एलियन यांनी नंतर लग्न केले नाही.

१९४४ साली बरोज वेलकम कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांच्या हाताखाली त्यांना काम मिळाले. रात्रीच्या वर्गांतून डॉक्टरेट करू पाहत होत्या, पण नोकरी सोडून पूर्ण वेळ या, असे विद्यापीठाने सांगितले. त्यांनी नोकरी ठेवली आणि डॉक्टरेट सोडली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरचे सहा-मर्कॅप्टोप्युरीन हे औषध याच जोडीच्या कामातून आले.

त्यांची युक्ती सांगायला सोपी आहे. पेशीला न्यूक्लिइक आम्लाची साखळी ओवायला ठरावीक कड्या लागतात. हुबेहूब कडीसारखी दिसणारी, पण खोटी कडी बनवायची. १९४८ सालीच त्यांच्या एका खोट्या कडीने विषाणूला अडवलेले दिसले होते, परंतु ती रोग्यालाही बाधेल अशी निघाली म्हणून बाजूला ठेवली. वीस वर्षांनी, १९६८ च्या सुमारास, एलियन त्या कामाकडे परत वळल्या. पुढे हॉवर्ड शेफर यांच्या नव्या रचनेच्या कल्पनेची जोड मिळाली आणि त्यातून असायक्लोव्हिर हे औषध निघाले. त्यावरील महत्त्वाचा निबंध १९७७ साली प्रसिद्ध झाला.

यातली खुबी नीट पाहण्यासारखी आहे. कोणतीही कडी साखळीत घेण्यापूर्वी तिला फॉस्फेटचे तीन शिक्के लागतात. नवीन देशात आलेल्या आपल्या लोकांना तीन कचेऱ्यांचे तीन शिक्के म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. पहिल्या शिक्क्याशिवाय दुसऱ्या खिडकीवर कोणी उभे करीत नाही. असायक्लोव्हिरला पहिला शिक्का आपली निरोगी पेशी जवळजवळ मारतच नाही. तो मारते हर्पिसचे स्वतःचे थायमिडीन कायनेज, तेच किट आणि डब्स यांना दिसलेले हत्यार. एकदा तो शिक्का बसला, की दुसरा आणि तिसरा आपल्या पेशीची साधी एन्झाइमे मारून देतात. तयार झालेली खोटी कडी विषाणूच्या साखळीत जाऊन बसते, आणि तिला पुढची कडी अडकवायला आकडाच नसतो. साखळी तेथेच तुटते. लागण झालेल्या पेशीतच औषध जागे होते. शेजारची निरोगी पेशी आपले काम करीत राहते. चोराने आपला घाणा वापरला होता. एलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चोराचेच हत्यार वापरले, आणि उरलेले काम आपल्याच बैलाकडून करून घेतले.

अमेरिकेत हे औषध १९८२ साली मान्य झाले. मेंदूच्या हर्पिसमध्ये ते व्हिडारॅबिनपेक्षा सरस ठरते, हे १९८४ आणि १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनी दाखवले. १९८८ साली एलियन, हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. डॉक्टरेट नसलेल्या बाईला!

आमच्या हातात ती बाटली आली १९८६ साली. एक तरुण शिक्षक, ताप, डोकेदुखी, नावे चुकणे. आम्हांला अलिबागची बाई आठवली. दर आठ तासांनी शिरेतून औषध, मूत्रपिंडांना त्रास होऊ नये म्हणून तासभर सावकाश. पहिल्या रात्री आम्ही थेंब मोजत बसलो. सहाव्या दिवशी त्याने आपल्या मुलीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली. आम्ही बाहेर जाऊन तोंड धुऊन आलो.

प्रत्येक विषाणू इतका सोयीचा नसतो. १९८७ साली एड्सवर पहिले मान्य औषध आले ते एझेडटी. तीही खोटीच कडी. पण तिचे तिन्ही शिक्के आपल्याच पेशी मारतात, त्यामुळे ती निरोगी पेशींतही तयार होते, आणि तिचा रक्तावर होणारा त्रास आम्ही पाहिला आहे. २०२० साली करोना आला तेव्हा तर कळले, की पेशीत शिरण्यासाठी तो जी कडी वाजवतो ती आपलेच एक एन्झाइम आहे. रक्तदाबाशी त्याचा संबंध असतो. दार उघडायला आपल्याच दुसऱ्या एका एन्झाइमाकडून तो आपले काटेरी प्रथिन कापून घेतो. त्या आपल्या एन्झाइमाला अडवणारे औषध प्रयोगशाळेत चालले, माणसांत त्याचा स्पष्ट लाभ दिसला नाही. २०२१ च्या अखेरीस जी गोळी मान्य झाली ती विषाणूच्या स्वतःच्या कात्रीला धरते. एलियन यांचाच धडा पुन्हा खरा ठरला.

म्हणूनच चोर घाण्यापर्यंत पोचण्याआधी त्याला वेशीवर अडवणे सर्वांत स्वस्त, आणि ते काम लशीचे. १९८८ साली हदेरा भागात पोलिओ निघाला तेव्हा देशभर चाळिशीपर्यंतच्या सर्वांना थेंब पाजले गेले. आम्ही ते पाजलेही आणि प्यायलोही. २०२२ साली यरुशलेममध्ये लस न घेतलेल्या एका बालकाला पोलिओने लुळे केले. इतक्या वर्षांनी ही बातमी वाचायला लागावी, याचे वाईट वाटते.

आता राहिले ते काका. १९९१ साली एका घरी मलिद्याला गेलो असता ते आम्हांला भेटले. केस पांढरे झाले होते, मुले मोठी झाली होती. एलियाहू हन्नाबीचे गाणे संपले, मलिदा वाटून झाला, आणि त्यांनी आम्हांला ओळखले. बोलता बोलता तोच विषय निघाला. पंधरा वर्षे त्यांनी ती शंका उरात वागवली होती. आम्ही त्यांना घाण्याचा दाखला देऊन सगळे सांगितले, जसे वर लिहिले आहे तसे.

"म्हणजे तेव्हा कोणालाच मिळाले नसते?"

"नाही काका. अमेरिकेच्या प्रेसिडेंटच्या बायकोलाही नसते मिळाले."

एक गोष्ट सांगावी की सांगू नये, असा आम्हांला प्रश्न पडला. १९७६ साली असायक्लोव्हिर प्रयोगशाळेत तयार झालेले होते, रोग्यांपर्यंत मात्र पोचलेले नव्हते. एकदा लपवलेल्या गोष्टीतूनच पुढची शंका उगवते, म्हणून तेही सांगितले. काका बराच वेळ हातातल्या ताटलीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "माझ्या आजोबांचा घाणा होता. बैलाला झापड असते, त्याला काय दोष द्यायचा." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "तिच्या मागून आलेल्यांना तरी मिळाले."

वाचकहो, आमचे मागणे दोनच आहे. साध्या विषाणूच्या तापात डॉक्टर अँटिबायोटिक देत नसेल, तर तो तुम्हांला टाळत नाही. तेथे त्या औषधाला करण्यासारखे कामच नसते. आणि तापात माणूस नावे चुकू लागला, भलतेच बोलू लागला, नसलेला वास येतो म्हणाला, तर सकाळची वाट पाहू नका, शब्बाथ आहे म्हणूनही थांबू नका; जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडायची मुभा आपल्या धर्मानेच दिली आहे. त्याच रात्री रुग्णालय गाठा. या रोगावर आता औषध आहे, आणि त्यात तासांना किंमत आहे.